पाहुण्यांची वही

९ मार्च. होळी तीन दिवसांवर आली होती आणि मी बंदोबस्ताचा तक्ता लावत बसले होते. ती सकाळ मी विसरलेले नाही. विसरता आली असती तर बरं झालं असतं, असं मात्र पुष्कळदा वाटलं आहे.

तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. ठाण्याचे निम्मे लोक काठी गावच्या राजवाडी होळीसाठी वर डोंगरात मागवले होते. आमचा जुना हवालदार समन्स बजावायला मोलगीला गेला होता. उरलेल्यांत दोघे रजेवर आणि एक कोर्टात. तक्त्यात चार जागा रिकाम्या राहिल्या. तिथे मी पेन्सिलीने लिहिलं, ‘सोसायटीचे राखणदार’.

सोसायटी म्हणजे पीक संरक्षण सोसायटी. आमच्या हद्दीतल्या एका सधन गावाची. केळी, ऊस, कापूस आणि विहिरीवरच्या मोटारी राखायला गावाने माणसं ठेवली होती. यात बेकायदा काही नाही. माझं माहेरही तापीकाठचंच, आमच्या बागेलाही राखणदार होता. पण या गावात आधी काठ्या होत्या, मग पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरच्या बंदुका आल्या. मग खाकीच्या जवळ जाणारा शर्ट आला, शिट्टी आली, दिवा लावलेली जीप आली. डोंगराकडून येणाऱ्या रस्त्यावर त्यांनी बांबू आडवा टाकला आणि मजुरीला उतरणाऱ्या माणसांच्या पिशव्या उघडून बघायला लागले. आधार कार्ड मागायचे. नसलं तर बसवून ठेवायचे.

आमच्याकडे तक्रार कोणी आणली नाही. उलट माझ्या हद्दीतल्या केबलचोऱ्या कमी झाल्या, आणि मासिक गुन्हे बैठकीत वरिष्ठांनी माझं नाव घेतलं. मला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सोसायटीचे अध्यक्ष पन्नाशीचे, पांढऱ्या कपड्यातले, गोड बोलणारे. माझ्या माहेरच्या गावाशी त्यांची सोयरीक होती, म्हणून मला मॅडम न म्हणता ताई म्हणायचे. त्या सकाळी साडेआठला त्यांचा फोन आला, नेहमीसारखा अहिराणीत.

“ताई, एक पाहुना शे. आम्ही लई येतस, का तुम्ही गाडी धाडतस?”

पाहुणा हा त्यांचा शब्द. पकडून ठेवलेल्या माणसाला ते पाहुणा म्हणायचे. हसत म्हणायचे, आणि हळूहळू आमच्या ठाण्यातही तो शब्द रुळला. वायरलेसवर बसलेला शिपाई मला सरळ विचारायचा, “मॅडम, आज सोसायटीकडून पाहुणे किती?” मी कधी त्याला टोकलं नाही.

पाहुणा त्यांच्याच जीपमधून आला. तिशीचा, काटक, डोंगरातला माणूस. डावा हात मनगटापाशी सुजलेला. सोबत एक राखणदार, त्याच्या उजव्या दंडाला पट्टी. फिर्याद अशी: पहाटे सहाच्या सुमारास हा इसम केळीच्या बागेत मोटारीची केबल तोडत होता. राखणदाराने हटकल्यावर त्याने कोयत्याने जिवे मारण्याच्या उद्देशाने वार केला. पळताना चपला टाकून गेला, पाटात पडला, हात दुखावला, इतरांनी पाठलाग करून धरला.

फिर्याद स्वच्छ होती. इतकी की ठाणे अंमलदाराला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. खरी फिर्याद अशी कधी नसते. मार खाल्लेला माणूस मागचं पुढे सांगतो, मध्येच शिव्या देतो, वेळ विसरतो. हे मला ठाऊक होतं. तरीही मी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल केला, फौजदाराला घटनास्थळी पाठवलं, आणि दहापर्यंत कोयता, केबलचं वेटोळं आणि चपलांचा एक जोड पंचांसमक्ष जप्त झाला. पंच दोघेही सोसायटीचे सभासद.

अकराला मी स्वतः विचारपूस घेतली.

तो मराठी समजायचा, बोलायला चाचरायचा. मी खुर्ची दाखवली. तो बसला नाही. भिंतीला लागून जमिनीवर बसायला गेला. आमच्या महिला शिपायाने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर अंग चोरून मागे सरला. चहा नको, पोळीभाजी नको. मी एक पाऊल पुढे टाकलं की तो एक पाऊल मागे. नजर जमिनीवर. नाव, गाव सांगितलं, पुढे गप्प.

वीस वर्षांच्या नोकरीत मला गप्प बसणारे खूप भेटले होते. काही भीतीने गप्प असतात, काही सरावाने. पाणीसुद्धा नाकारणारा माणूस मी सराईत समजत असे. शिवाय बाईकडून विचारपूस म्हणून हा तोऱ्यात आहे, असं माझ्या मनाने घेतलं. ते अनेकदा अनुभवलेलं होतं, आणि मला त्याचा रागही होता. मी उठले, त्याच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि त्याला खुर्चीत बसवलं.

तो ओरडला नाही. हिसका दिला नाही. मी धरलेल्या खांद्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी लेखनिकाला सांगितलं, लिहा, आरोपी तपासात सहकार्य करत नाही.

वैद्यकीय तपासणीत मनगटाचं हाड मोडल्याचं निघालं. पाटात पडून मोडलं, असं फिर्यादीत होतंच. मी ते मान्य करून पुढे गेले.

साडेतीनला हवालदार मोलगीहून परतला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, स्वतः डोंगरातला, भिली आणि पावरी दोन्ही बोलणारा. तो फाटकातून आत आला तो एकटा नव्हता. बरोबर एक माणूस होता, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

“मॅडम, हा सकाळपासून फाटकाबाहेर उभा आहे,” तो म्हणाला. “आरोपीचा भाऊ. कोणी विचारलं नाही त्याला.”

ठाण्याच्या फाटकाबाहेर सकाळपासून उभा असलेल्या माणसाला आधी विचारावं, हे मी नव्या फौजदारांना शिकवायचे. त्या दिवशी मीच दोनदा त्याच्या समोरून गेले होते.

भाऊ त्याच गावात एका शेतकऱ्याकडे सालदार होता. तो शेतकरी सोसायटीचा सभासद. त्यामुळे भाऊ बोलायला तयार नव्हता, फक्त भाकरी आत द्या म्हणत होता. भाकरी त्याने स्वतः थापल्या होत्या, बायकोने नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मला त्याचा अर्थ लागेना. हवालदाराला लागला. तो कोठडीपाशी गेला, आतल्या माणसाशी दोन मिनिटं बोलला आणि माझ्याकडे आला.

“मॅडम, याला कोणी हात लावला का? बाईमाणसाने?”

“मी लावला. खुर्चीत बसत नव्हता.”

हवालदाराने एकदा कोठडीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, “तो पाळनीत आहे.”

पाळनी म्हणजे होळीचं व्रत. काठीच्या होळीत अंगाला राख लावून, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे लोक बहुतेकांनी फोटोत पाहिलेले असतात. त्यांना बुध्या म्हणतात. त्या नाचाआधी बुध्याला कितीतरी दिवस नियम पाळावे लागतात, ते फोटोत दिसत नाही. खाटेवर-खुर्चीवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, बाईचा स्पर्श नाही, बाईच्या हातचं अन्न-पाणी नाही. याचा पाच वर्षांचा नवस होता. आजारी मुलगी बरी झाली म्हणून बोललेला. हे पाचवं वर्ष होतं. तीन दिवस काढले असते, तर नवस फिटला असता.

या जिल्ह्यात मी अकरा वर्षं नोकरी केली होती. काठीचा बंदोबस्त दोनदा केला होता. दोरीच्या कोणत्या बाजूला कोण उभं राहील, हे मला पाठ होतं.

“आणि मॅडम,” हवालदार म्हणाला, “पाळनीत पायात चप्पलही नसते. पंचनाम्यात चपला कुणाच्या लिहिल्यात?”

मी कोठडीपाशी गेले आणि या खेपेला लांबच उभी राहिले. त्याला हवालदाराकरवी तळपाय दाखवायला सांगितलं. काळे पडलेले, भेगांत माती बसलेली, एका टाचेत काटा मोडून पिकलेला. कित्येक दिवस अनवाणी चाललेले पाय. सकाळपासून ते माझ्यासमोर होते. मी त्याच्या तोंडाकडे बघून खरं-खोटं ठरवत होते.

भावाला पुन्हा बोलावलं. चपलांचा जोड त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो पाहिला आणि हसला, कडवट.

“हा याचा असेल तर मी याचा भाऊ नाही, साहेब,” तो हवालदाराला म्हणाला. मग मात्र त्याने सगळं सांगितलं. त्याला होळीला घेऊन जायला हा आदल्या दुपारी चालत उतरला होता. संध्याकाळी मालकाच्या वस्तीवरून दोघे निघणार होते, तेवढ्यात नाक्यावर याला एकट्याला धरलं. आधार कार्ड नव्हतं. झडती घ्यायला लागले तेव्हा याने अंगाला हात लावू दिला नाही. तिथून मार सुरू झाला.

म्हणजे पहाटे सहा वाजता हा केळीच्या बागेत नव्हताच. आदल्या संध्याकाळपासून तो कुठे होता, एवढंच शोधायचं राहिलं.

नाक्यावर धरलेली माणसं सोसायटीच्या गोदामात नेतात, असं भाऊ म्हणाला होता. पाचला मी, हवालदार आणि दोन शिपाई तिथे गेलो. खताच्या पोत्यांमागे एक खोली, पत्र्याचं दार, बाहेरून कडी. आत कोणी नव्हतं. एक मडकं, एक फाटकं पोतं. दाराच्या पत्र्याची कडा फाटून बाहेर आली होती आणि तिच्यावर वाळलेलं रक्त होतं. राखणदाराच्या दंडाच्या उंचीवर.

टेबलाशी बसलेल्या तरण्या राखणदाराला मी विचारलं, इथे आणलेल्या माणसांची नोंद कुठे असते? खरं तर अंदाजानेच विचारलं होतं. त्याने उठून मला कडक सॅल्यूट केला, खणातून जाड वही काढली आणि अभिमानाने माझ्यापुढे ठेवली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, ‘पाहुणे वही’.

आत आमच्या स्टेशन डायरीसारखेच रकाने आखलेले. अनुक्रमांक, नाव, गाव, आणल्याची वेळ, सोडल्याची वेळ, शेरा. शेऱ्यात कुठे ‘समज दिली’, कुठे ‘पोलिसांत जमा’, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त ‘धुलाई’. आदल्या दिवशीच्या पानावर याचं नाव होतं. आणल्याची वेळ सायंकाळी सात दहा. सोडल्याची वेळ सकाळी आठ पंचेचाळीस, पोलिसांत जमा. त्यांनी फिर्याद खोटी रचली, चपला आणल्या, कोयता आणला, पंच उभे केले. वही मात्र खरी ठेवली. नोंद चुकवायची नसते, हे त्या पोराच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तेवढ्यात अध्यक्ष आले. वही माझ्या हातात पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

“तुम्हीच ते सांगेल व्हतं ना ताई, नोंद ठेवा म्हनीसन.”

खरं होतं. वर्षभरापूर्वी ग्राम सुरक्षेच्या बैठकीत मीच भाषण केलं होतं. शिस्तीत काम करा, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माणूस कोंडायचा अधिकार तुम्हाला नाही, हे वाक्य त्या भाषणात नव्हतं.

“ताई, तुम्ही ते आमनाच शेतस,” अध्यक्ष पुढे म्हणाले. “एक चप्पलवरतीन एवढं काय करतस? सोडी द्या त्याले. आमनं काही म्हननं नही.”

मी वही जप्त केली. पंच दुसऱ्या गावचे बोलावले. दंडाला पट्टी बांधलेल्या राखणदाराला ठाण्यात आणलं तेव्हा अर्ध्या तासात तो बोलला. त्याला आत ढकलताना पत्रा लागला. सकाळी हात मोडलेला दिसल्यावर सगळे घाबरले, आणि केस करून टाकू असं ठरलं. कुणी ठरवलं, हे त्याने सांगितलं नाही, शेवटपर्यंत.

उपविभागीय अधिकाऱ्यांना मी फोनवर सगळं कळवलं. ते वाईट नव्हते. ते फक्त दमलेले होते. म्हणाले, “माणूस निर्दोष असेल तर सोडा, माझी हरकत नाही. पण उलटा गुन्हा कशाला? होळी तोंडावर आहे. तुमच्या तक्त्यात चार जागा त्यांच्याच आहेत ना? आणि त्यांचे परवाने कायदेशीर आहेत.”

“कायदेशीर कसे झाले, सर?”

“तुमच्याच अहवालावर,” ते म्हणाले. “फाईल काढून बघा.”

मी फाईल काढली. अकरा परवाने, अकरा पोलीस पडताळणी अहवाल. प्रत्येकावर एकच ओळ: ‘अर्जदाराचे वर्तन चांगले असून परवाना देण्यास हरकत नाही.’ खाली माझी सही. त्या अकरांपैकी मी प्रत्यक्ष भेटले होते फार तर तिघांना. बाकीच्यांची नावं अध्यक्षांनी एका यादीत लिहून दिली होती आणि चहा झाल्यावर मी सह्या केल्या होत्या.

त्याच फाईलखाली दुसरा कागद होता, दर पंधरवड्याला निघतो तो शस्त्रबंदीचा आदेश. लाठ्या, भाले, तलवारी, सार्वजनिक जागी बाळगायला मनाई. त्या आदेशाखाली आम्ही डोंगरातल्या माणसांची तीरकामठी उतरवून घ्यायचो. बंदुकीवाल्यांना तो आदेश लागू नव्हता, कारण त्यांच्याकडे परवाना होता, कारण मी सही केली होती. शस्त्रांवर सरकारचं नियंत्रण असतं ते या पद्धतीने. कुणाच्या हातात काय आहे, हे बघत नाहीत. कागद आहे का, एवढंच बघतात. आणि कागद माझ्यासारखी माणसं देतात.

मी उलटा गुन्हा दाखल केला: बेकायदा कोंडून ठेवणं, मारहाण, खोटा पुरावा तयार करणं. दुसऱ्या दिवशी कोर्टात अहवाल दिला की अटक केलेल्या इसमाविरुद्ध पुरावा नाही, आणि दुपारी त्याची सुटका झाली.

कोर्टाच्या आवारात तो भावाशेजारी उभा होता, हात प्लास्टरमध्ये. मी दहा पावलांवर थांबले. माफी मागायची सवय आमच्या खात्यात नाही. मी हवालदाराला सांगितलं, विचारा, आता काठीला जाता येईल का? माझी जीप देते.

दोघांचं बोलणं झालं. हवालदार माझ्याकडे न बघता म्हणाला, “जाईन म्हणतो. पण नाचणार नाही, लांब उभा राहीन. पाळनी मोडली. पुढच्या वर्षापासून परत पाच वर्षं. जीप नको म्हणतो, चालत जाईन.”

“त्याला सांगा, यात त्याची चूक नव्हती.”

“सांगितलं, मॅडम. तो म्हणतो, चूक कुणाची ते पाळनी विचारत नाही.”

ते दोघे निघून गेले. भावाची सालदारी त्याच आठवड्यात सुटली, हे मला नंतर कळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. गुन्ह्यात तिघे राखणदार आरोपी झाले, अध्यक्ष झाले नाहीत. वहीतलं अक्षर त्यांचं नव्हतं. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला आणि फितुरीत संपला. चार महिन्यांत माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथे फोन घेत मी उरलेली नोकरी केली, आणि पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सोसायटीचं पुढे खासगी सुरक्षा कंपनीत रूपांतर झालं. आता तिच्याकडे सुरक्षा व्यवसायाचा रीतसर परवाना आहे, गणवेशाचा रंग मंजूर आहे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आहेत. लोणखेड्याकडे जाताना त्यांची गाडी दिसते. बांबू जाऊन तिथे लोखंडी फाटक आलं आहे. वही ठेवतात की नाही, ठाऊक नाही. ठेवत असतील तर आता ती खरी नसणार, तेवढं ते शिकले असतील.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पोलीस कमी पडतात म्हणून लोक बंदूक घेतात, ही तक्रार मी मान्य करते. पण ज्याच्या हातात बंदूक आणि कोंडायला खोली आली, तो चोर पकडून थांबत नाही. तो माणसं ठरवायला लागतो, कुणी रस्त्याने जायचं आणि कुणी नाही. हे त्याला थांबवायचं काम ठाण्याचं असतं, आणि ठाण्याला तेव्हा त्याची मदत हवी असते. मला हवी होती.

आरोपी सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला सकाळी साडेदहाला मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत गेले. अकरा अर्ज नेले होते, हाताने लिहिलेले. प्रत्येकात लिहिलं होतं की माझा अहवाल चौकशी न करता दिलेला होता, तो मी मागे घेते.

कारकुनाने पहिला अर्ज वाचला, मग दुसरा. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, हरकत नाही म्हणून लिहून देतात. लिहून दिलेलं परत घेतात, असं इथे कधी आलं नाही. याला फाईल कुठली लावू?”

“नवीन उघडा,” मी म्हणाले.

तो खणात शिक्का शोधत राहिला. बसा म्हणाला, पण मी बसले नाही. अकराही अर्जांवर आवक क्रमांक पडेपर्यंत टेबलाशी उभी राहिले, पोचपावत्या घेतल्या, आणि बंदोबस्ताला निघाले.